फ्रिजसमोरचा पाट

सोसायटीच्या यंदाच्या वार्षिक सभेत एका ठरावाला मी हात वर केला, आणि तो ठराव काही केल्या मनातून जाईना. पार्किंगमध्ये निळ्या खुर्च्या मांडल्या होत्या. साडेनऊ वाजून गेले होते, डास चावत होते, चहाचा थर्मास रिकामा झाला होता. विषयपत्रिकेवरचा सातवा विषय इलेक्ट्रिकल ऑडिटचा. आमच्या डोंबिवलीच्या या इमारतीला आता २२ वर्षं झाली. दोन विंग, ४८ घरं. सेक्रेटरींनी तीन कोटेशनं मागवली होती : ३८ हजार, २१ हजार आणि ६ हजार. जीएसटी वेगळा. खजिनदारांनी तिथेच मोबाइलवर हिशेब केला. ३८ हजार अधिक १८ टक्के म्हणजे ४४,८४० रुपये, घरटी ९३४. ६ हजारवाल्याचं घेतलं तर घरटी १४८ रुपयेसुद्धा नाहीत. ३८ हजारवाल्यांनी त्यांचा एक तरुण इंजिनिअर पाठवला होता. तो मागे उभा राहून शांतपणे ऐकत होता. दोन रविवार लागतील, एकेका विंगची लाइट अर्धा दिवस बंद ठेवावी लागेल, असं त्याने सांगितलं, आणि पैशांवर झाली नव्हती एवढी कुजबुज त्या अर्ध्या दिवसावर झाली. पाणी कसं चढवायचं, लिफ्टचं काय, आमच्याकडे पाहुणे आहेत. मग कुणीतरी विचारलं, "एवढं सगळं करून शेवटी आमच्या हातात काय पडणार?" तो मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "रिपोर्ट." "म्हणजे कागद." "हो," तो म्हणाला, "कागद."

मग कागदच घ्यायचा तर ६ हजारांत मिळतोय, तोही तीन दिवसांत आणि लाइट बंद न करता, असं झालं. मंजूर, मंजूर. हात वर गेले, त्यात माझाही. मला सकाळची लोकल दिसत होती.

सभा संपल्यावर लिफ्टपाशी तो मुलगा भेटला. खांद्यावरची जड पिशवी त्याने उघडलीच नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, एवढा फरक कसा काय किमतीत? तो म्हणाला, "काकू, आम्ही चार माणसं दोन दिवस आणणार. ६ हजारांत एक माणूस मीटर रूमपर्यंत येईल. त्यापुढे यायला त्याला परवडणारच नाही." आवाजात राग नव्हता, कुणाची तक्रार नव्हती, नुसता हिशेब होता. वर येऊन मी अंथरुणावर पडले, आणि कितीतरी वर्षांत आठवला नव्हता तो पाट आठवला.

आमच्या वाईच्या घरात फ्रिजसमोर एक पाट असायचा. जेवायला बसायचे पाट वेगळे, त्यांच्या कडेला पितळी फुल्या होत्या. हा साधा, फणसाच्या लाकडाचा, एका कोपऱ्याला चिरलेला. फ्रिज १९८३ साली आला आणि पहिल्याच पावसाळ्यात झिणझिण्या द्यायला लागला. जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंती. लाकडी पट्टीवर ठोकलेलं वायरिंग, वर चुन्याचे थरावर थर. श्रावणात भिंतीला हात लावला तर तळव्याला गार ओल लागायची आणि पोपडे बोटाला चिकटून यायचे. त्या ओलीतून वीज कुठून कुठे झिरपत होती ते कुणालाच माहीत नव्हतं. फ्रिजच्या प्लगला तिसरी जाड पिन होती, पण भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे काहीच नव्हतं, तार जमिनीपर्यंत गेलेलीच नव्हती. म्हणून आईने पाट ठेवला. आम्हा भावंडांना शाळेतल्या कवितेसारखं पाठ होतं : पाटावर उभं राहायचं, हात पुसायचा, मग दार उघडायचं. पाहुणे आले की आई आधी तेच सांगायची. मिक्सरसाठी चप्पल. इस्त्री लावताना भिंतीला टेकायचं नाही. न्हाणीघरातला दिवा ओल्या हाताने लावायचा नाही, त्याच्यासाठी कोपऱ्यात एक वेळूची काठी होती. आता आठवताना कळतं, ते घर कुठे कुठे चावतं ते आम्हाला पुरतं ठाऊक होतं आणि त्या जागा चुकवत आम्ही सुखाने राहत होतो. वायरमन बोलवावा असं घरात अधूनमधून निघायचं. तो काय करेल, तर सगळं उखडायला सांगेल, हे ठरलेलं उत्तर. ते खरंही होतं. उखडायला पैसे नव्हते, म्हणून बघायलाही कुणाला बोलावलं नाही.

पाट घरातल्यांसाठी होता, हे मला फार उशिरा सुचलं. आमच्याकडे धुण्याभांड्याला एक मावशी यायच्या. फ्रिजशी त्यांचा संबंध यायचा नाही. त्यांचा संबंध मागच्या अंगणातल्या आडाशी आणि आडावरच्या अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरशी. मोटर लावली की कधीकधी फ्यूज उडायचा. चिनी मातीचा तो पांढरा किटकॅट फ्यूज बाबा उपसून काढायचे आणि त्यात नवी तार गुंडाळायचे. पंधरा दिवसांत तीनदा उडाला तेव्हा बाबांनी वैतागून जाड तार घातली. त्यानंतर तो उडाला नाही. घरात सगळ्यांना बरं वाटलं. नंतरच्या जून महिन्यात एका सकाळी मावशींचा ओला हात मोटरच्या लोखंडी खोक्यावर पडला आणि तिथेच चिकटला. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी ओसरीवर दप्तर भरत होते. बादली कलंडल्याचा आवाज आला म्हणून दादाने मागे वळून पाहिलं, तो धावत आत गेला आणि त्याने मेन स्विचचा दांडा खाली ओढला. मावशी वाचल्या. उजव्या तळव्यावर रुपयाएवढा पांढरा डाग राहिला, दोन बोटं नीट मिटायची नाहीत. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. जाड तारेबद्दल ते कुणाशी कधी बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. खरं तर बारीक तार असती तरी तिने मावशींना सोडवलं नसतं, कारण फ्यूज वितळायला लागते तेवढी वीज माणसाच्या अंगातून वाहतच नाही, हे मला आत्ता आत्ता कळलं. पण बाबांना ते माहीत नव्हतं. ते गेले तरी त्यांच्या मनात ती जाड तार असणार.

सभेनंतर चार दिवसांनी मी त्या इंजिनिअरला फोन केला. एका फ्लॅटसाठी आम्ही येत नाही, पण माझे गुरू आहेत, ते येतील, असं तो म्हणाला. पुढच्या शनिवारी साठी ओलांडलेले एक गृहस्थ आले. रेक्झिनची पिशवी, शर्टाच्या खिशात टेस्टर, पाकिटात जपून ठेवलेलं वायरमनचं परमिट, ते मी न मागता त्यांनी आधी दाखवलं. तपासणीचे २,५०० रुपये, काही सापडलं तर दुरुस्तीचे वेगळे. आल्या आल्या त्यांनी पिशवी उघडलीच नाही. एकेका खोलीत जाऊन बोर्डांवर तळवा ठेवत राहिले, ताप बघावा तसे. गीझर लावल्यावर दिवे मंद होतात का? कुठलं बटण दाबताना चर्र आवाज येतो? जळल्यासारखा वास कधी? एसी कधी बसवला, त्याला वेगळी वायर ओढली का? फ्रिजपाशी मात्र त्यांनी तळवा लावला नाही. बोटांची पालथी बाजू हलकेच टेकवली. मी बघत होते हे बघून म्हणाले, "करंट बसला की मूठ आवळते. सरळ हाताने धरलं तर हात सुटत नाही, पालथा लावला तर मागे येतो." मला मोटरच्या खोक्यावरचा तो हात दिसला.

मग त्यांनी डीबीचं, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइन जिथून फुटतात त्या पेटीचं, झाकण उघडलं. एमसीबींच्या, म्हणजे जास्त वीज वाहिली की आपोआप पडणाऱ्या छोट्या स्विचांच्या, रांगेत डावीकडे एक रुंद स्विच आहे, त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण. इतकी वर्षं मी त्याच्यावरची धूळ पुसत आले, दाबलं एकदाही नाही. त्यांनी विचारलं, "हे कधी दाबलंत?" तो आरसीसीबी. घरात फेजमधून जेवढी वीज येते तेवढीच न्यूट्रलमधून परत जाते की नाही, यावर तो डोळा ठेवून असतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की डोळ्यांचं पातं लवायच्या आत सगळं बंद. ३० मिलीअँपिअर म्हणजे किती, तर आपला जुना ६० वॅटचा पिवळा दिवा त्याच्या जवळजवळ नऊपट वीज घ्यायचा. एवढ्याशा फरकावर माणसाचा जीव असतो. शेजारचे एमसीबी वायर जळू नये म्हणून असतात. १६ अँपिअरचा एमसीबी माणूस चिकटला तरी पडत नाही. माणसासाठी आहे तो हा एकटा. त्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. आतली स्प्रिंग कधीची गंजून बसली होती. ते काही बोलले नाहीत, वहीत एक ओळ लिहिली.

गीझरचा सॉकेट उघडल्यावर मात्र ते बोलले. हिरवी वायर, म्हणजे निसटलेली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची, पिनेपासून सोडवून मागे वळवलेली होती आणि तिच्या टोकाला काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली होती. "हे तुटलेलं नाही ताई, कुणीतरी समजून केलंय. गीझरमधून वीज गळत असणार, लावला की आरसीसीबी पडत असणार. तेव्हा तो आरसीसीबी काम करत होता. गीझर बघण्याऐवजी अर्थिंग सोडवलं." मला आठवलं. २०११ साली बाथरूमचं काम काढलं होतं, तेव्हा रोज सकाळी लाइट जायची आणि मुलाची परीक्षा होती. काम करणाऱ्या माणसाला मीच म्हटलं होतं, काहीही करा पण हे रोजचं बंद करा. त्याने केलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

बाबांची जाड तार आणि माझी काळी टेप.

शेवटी त्यांनी मेगर काढला. हाताने फिरवायचा, जड, काळ्या पेटीतला, काचेखाली काटा. आताची डिजिटल यंत्रं त्यांच्याकडेही आहेत, पण घरात शिरताना हाच बरोबर घेतो म्हणाले. घरातले सगळे प्लग उपसले, दिवे काढले, मेन बंद केला. दुपारचं घर एकदम मुकं झालं. फ्रिजची घरघर थांबली की घरात किती शांतता असते ते मी विसरले होते. ते हँडल फिरवायला लागले. ५०० व्होल्टचा दाब त्या बंद तारांमध्ये जातो आणि आवरणातून कुठे काही निसटतंय का ते काटा सांगतो. हॉलचा काटा अनंताच्या खुणेपर्यंत गेला, म्हणजे तिथे काही निसटत नव्हतं. बेडरूमचा गेला. स्वयंपाकघराच्या लाइनला तो निघाला, डुगडुगला, आणि एकच्या अलीकडे येऊन राहिला. आवरणाचा रोध एक मेगोहमच्या खाली येऊ नये असा नियम आहे. सिंकमागच्या भिंतीत कुठेतरी ओल होती. बाहेरून टाइल्स कोरड्या, चकचकीत. आतमध्ये वाईचीच भिंत.

साडेतीन तास लागले. नवा आरसीसीबी, गीझरची आणि स्वयंपाकघराची नवी लाइन, मजुरी धरून १३,७०० रुपये झाले. ते मला देता आले. ही गोष्ट मला मुद्दाम लिहायची आहे, कारण तपासणीच्या खर्चाबद्दल बोलताना लोक २,५०० वर अडत नाहीत, त्याच्या मागून येणाऱ्या १३,७०० वर अडतात. बघितलं की दिसतं आणि दिसलं की झोप लागत नाही, म्हणून बघायचंच नाही. वाईला आम्ही हेच केलं. त्यात बेफिकिरी नव्हती, खिशात पैसे नव्हते. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना शहाणपणाचं सांगायचा हक्क मला नाही. पण आमच्या सोसायटीतल्या ४८ घरांना ९३४ रुपये जड नव्हते. माझं त्या महिन्याचं विजेचं बिल त्याच्या दुपटीहून जास्त आलं होतं.

आणि कागदाचं म्हणाल तर तो स्वस्तच असतो. हे घर घेतलं तेव्हा मीटरसाठी परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागला होता. तो सही-शिक्क्यासकट आमच्या हातात आला तेव्हा सही करणाऱ्या माणसाने आमचं दारसुद्धा पाहिलेलं नव्हतं. मी तो फाइलला लावला. म्हणजे कागदाची किंमत मला बावीस वर्षांपूर्वीच माहीत होती. त्या मुलाला सभेत "कागद" म्हणावं लागलं, पण तो जे विकायला आला होता ते चार माणसांचे दोन दिवस होते. बोर्डावर ठेवलेले तळवे, उघडलेले सॉकेट, फिरवलेला मेगर. ते दिवस काढून टाकले की किंमत ३८ हजारांची ६ हजार होते आणि कागद तसाच्या तसा राहतो.

माझा भाचा इंग्लंडमध्ये रेडिंगला भाड्याने राहतो. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर त्याला नवल वाटलं. तिथे भाड्याच्या घरांची २०२० पासून दर पाच वर्षांनी अशी तपासणी करावीच लागते, खर्च घरमालकाचा, आणि रिपोर्टची प्रत २८ दिवसांत भाडेकरूच्या हातात. दोषाला खुणा ठरलेल्या : सी-वन म्हणजे धोका आत्ता समोर आहे, सी-टू म्हणजे होऊ शकतो. त्याच्या घरात एक सी-टू निघाला होता, तो मालकाला बदलून द्यावा लागला. आमच्याकडे पंधरा घरं भाड्याने आहेत. भाडेकरू आला की पोलिस व्हेरिफिकेशन होतं, करार नोंदवला जातो, लिफ्टमधून सामान नेण्याचे पैसे घेतले जातात. भिंतीत काय आहे ते कुणी विचारत नाही, भाडेकरूही नाही. आमच्या उपविधींत तर रेषाच आखलेली आहे : मेन स्विचपर्यंतच्या लाइन सोसायटीच्या, त्यापुढचं ज्याचं त्याने. रेषा कागदावर योग्यच आहे. पण आमचा वॉचमन तिच्या कुठल्या बाजूला येतो, असं मी सेक्रेटरींना विचारलं तेव्हा त्यांना लगेच उत्तर देता आलं नाही. त्याच्या केबिनमध्ये मीटर रूममधून खिडकीच्या फटीतून आणलेली दोन पिनांची वायर आहे. तिच्यावर पंखा, मोबाइल आणि थंडीत एक शेगडी. खालच्या इस्त्रीवाल्याची टपरीही तशीच. पत्र्याची.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली, तेव्हा 'ऑडिट' हा शब्द आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी होता. फायर ऑडिट, इलेक्ट्रिकल ऑडिट, स्ट्रक्चरल ऑडिट. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला. मी दोन्ही वेळा टीव्हीसमोर बसून रडले होते, आणि दोन्ही वेळा माझ्या बाथरूमच्या भिंतीत ती हिरवी वायर टेप गुंडाळून वळवलेली होती.

मी सेक्रेटरींना पत्र लिहिलं. माझ्या घरात काय निघालं ते सगळं लिहिलं, काळ्या टेपसकट, आणि माझं मत मागे घेते असंही. नियमात तसं करता येत नाही म्हणाले, पण विशेष सभा लावली. त्या सभेत मी उपविधींतल्या मेन स्विचच्या रेषेबद्दल न बोलता मावशींची गोष्ट सांगितली. कुणी कुजबुजलं नाही. ३८ हजारांचा ठराव झाला, पण एका अटीवर : या वर्षी मीटर रूम, पंप, लिफ्ट, जिने आणि आवार, घरांच्या आतलं ज्याला हवं त्याने वेगळं करून घ्यावं. माझ्या मनासारखं पूर्ण झालं नाही. सोळा घरांनी नावं दिली.

पहिल्या रविवारी तो मुलगा आणि त्याची माणसं आली. नकाशात बी विंगच्या मागे अर्थिंगचे दोन खड्डे दाखवलेले होते. जागेवर नुसते लाल पेव्हर ब्लॉक. अर्धा तास शोधाशोध झाली. मग वॉचमनकाका, ते मूळचे बुलढाण्याकडचे, पुढे आले आणि भिंतीपासून पावलं मोजून एका जागी उभे राहिले. "इथं होता. मी नवीन होतो तेव्हा उन्हाळ्यात रोज एक बादली टाकायचो. मग फरश्या बसल्या." पहारीने ब्लॉक उचकटले. खाली लोखंडी झाकण, त्याखाली जाळीचं नरसाळं, आणि पाइपभोवती भरलेला मीठ-कोळसा विटेसारखा कोरडा ठणठणीत. अर्थिंगचा रोध मोजला, तर पाच ओहमच्या आत हवा तिथे १९ आला. ४८ घरांच्या गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीनमधून निसटलेल्या विजेने ज्या वाटेने जमिनीत जायचं ती वाट आम्ही पार्किंगसाठी बुजवली होती. काकांनी कुणी न सांगता नळी आणली आणि पाणी सोडलं. कोळशाने ते चर्र करत पिऊन घेतलं, किती तरी वेळ. नळी धरूनच त्यांनी त्या मुलाला विचारलं, "माझ्या खोलीचंही बघणार का साहेब?" मुलाने वहीत पहिल्या पानावर सगळ्यात वर केबिन लिहिली होती. ती त्याने त्यांना दाखवली.

आई आता माझ्याकडेच असते. ८१ वर्षांची आहे. वाईचं घर विकलं तेव्हा तो फणसाचा पाट कुठे गेला ते तिलाही आठवत नाही. स्वयंपाकघराची नवी लाइन ओढून झाली त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं, आता फ्रिजची काही भीती नाही, पायात काही नसलं तरी चालेल. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते. ती दूध काढायला आली, पदराला हात पुसला, आणि दाराच्या दांडीला आधी बोटांची पालथी बाजू टेकवली.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कोण शिकवणार," आई म्हणाली आणि दूध काढून दार लावून घेतलं.